भाऊ रात्रभर जागा असतो आणि "मी नसलो तर बरं" म्हणतो, घाबरायचं का?

प्रश्न रावेरकडून आलाय, आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. धाकटा भाऊ, तिशीच्या आतला, केळीची बाग, वादळात अर्धी बाग आडवी झाली, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. दीड-दोन महिन्यांपासून झोप नाही. पडतो दहाला, अडीच-तीनला उठून ओट्यावर येऊन बसतो, मोबाईल बघतो नाहीतर नुसताच बसतो. मागच्या आठवड्यात जेवता जेवता बोलून गेला की मी नसलो तर तुमचं बरंच होईल, घरात सगळे गप्प झाले, मग कोणीतरी विषय बदलला. गावातल्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिलीय. मोठ्या भावाला तीन गोष्टी विचारायच्यात, झोपेचा आणि आत्महत्येचा खरंच संबंध असतो का की सगळं टेन्शनमुळेच आहे, गोळीची सवय लागेल का, आणि त्याला सरळ विचारलं तर नसलेली गोष्ट डोक्यात भरवल्यासारखं होईल का.

मी जळगावात मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. पण भाऊ, आधी कामाचं ऐका. झोप गेलीय आणि वर असं वाक्य तोंडातून निघालंय, या दोन गोष्टी एकत्र आल्या की वाट बघायची नसते. याच आठवड्यात दाखवा, आणि दाखवेपर्यंत त्याला रात्री एकटं ठेवू नका, एवढं आजपासून. तो आत्ताच टोकाचं बोलत असेल, कुणाचा निरोप घेतल्यासारखं वागत असेल, हिशोब-कागद आवरून ठेवत असेल, तर उद्याची ओपीडी बघू नका, आजच सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या, गरज पडली तर १०८ ला फोन करा.

आता संबंधाचं. हो, असतो, आणि नुसता टेन्शनच्या मागून आलेला नसतो. २०१२ मध्ये ३९ अभ्यास एकत्र करून बघितले गेले, मिळून सुमारे दीड लाख लोक, त्यात ज्यांना झोपेची तक्रार होती त्यांच्यात आत्महत्येचे विचार, प्रयत्न आणि मृत्यू यांची जोखीम बाकीच्यांच्या साधारण दोन ते तीन पट निघाली. मुद्दा असा की डिप्रेशन बाजूला काढून हिशोब केला तरी बऱ्याच अभ्यासांत झोपेचा वाटा वेगळा उरतो. पण दोन-तीन पट म्हणजे झोप न लागणारा प्रत्येक माणूस धोक्यात असं अजिबात नाही हं, झोपेची तक्रार असलेले लोक लाखोंनी आहेत आणि त्यातले बहुतेक सगळे या वाटेला जात नाहीत. हे वाचून ज्याला काल रात्री झोप लागली नाही त्याने लगेच घाबरून जायचं काम नाही. झोप गेली, त्यात आशा गेली, आणि माणूस स्वतःला घरावरचं ओझं समजायला लागला, हे तीन जुळले की मी खुर्चीत सरसावून बसतो.

आपल्याकडे हे दिसत का नाही त्याचं एक कारण सांगतो. एनसीआरबीचे, म्हणजे केंद्र सरकारच्या गुन्हे नोंद विभागाचे आकडे दरवर्षी पेपरात येतात, २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या, त्यातल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. त्या तक्त्यात कारणांचे रकाने असतात, कौटुंबिक कलह, आजार, व्यसन, कर्ज वगैरे. झोपेचा रकाना नाही, असणारही नाही, कारण पंचनामा करताना "शेवटचे पंधरा दिवस झोपत होता का" असं कोण विचारणार. पण घरच्यांशी नंतर शांतपणे बोललं की जवळजवळ ठरलेलं वाक्य येतं, झोपतच नव्हता हो तो.

आणि खेड्यात तर पहाटे लवकर उठणं हे गुण म्हणून धरलं जातं. तीन-साडेतीनला उठून बसलेला माणूस बघून आई कौतुकाने सांगते, पोरगं मेहनती आहे, कोंबड्याच्या आधी उठतं. मेहनतीने उठणारा माणूस उठल्यावर कामाला लागतो आणि त्याआधी वेळेवर झोपलेला असतो. डिप्रेशनमधला माणूस रोजच्यापेक्षा दोन-तीन तास आधी जागा होतो, परत झोप लागत नाही, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं, सकाळ सगळ्यात वाईट जाते आणि संध्याकाळी जरा बरं वाटतं. संध्याकाळी चौकात हसताना दिसतो म्हणून लोकांना वाटतं याला काय झालंय. तुमचा भाऊ अडीच-तीनला उठतो असं लिहिलंय, सकाळी अंथरुणातून उठायला जड जातं का आणि संध्याकाळी खुलतो का तेवढं बघा, डॉक्टरांना सांगायला फार उपयोगी पडेल.

रात्रीच्या वेळेबद्दल जरा जास्त लिहितो कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. दिवसाच्या आणि रात्रीच्या आत्महत्या नुसत्या मोजल्या तर दिवसाच्या जास्त भरतात, म्हणून बरीच वर्षं रात्रीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मायकेल पर्लिस आणि त्यांचे सहकारी यांनी साधा प्रश्न विचारला, त्या त्या तासाला जागे किती लोक असतात? दिवसा सगळेच जागे, रात्री तीनला मूठभर. त्या मूठभरांच्या हिशोबाने त्यांनी ३५ हजारांवर मृत्यूंची आकडेवारी परत मांडली, २०१६ मध्ये ते छापून आलं, तर रात्री १२ ते सकाळी ६ या वेळात धोका अपेक्षेपेक्षा साडेतीन पटीच्या वर निघाला, आणि सगळ्यात वर दोन-तीनचा सुमार. म्हणजे तुमचा भाऊ नेमका ज्या वेळेला ओट्यावर बसतो तीच वेळ.

असं का होतं तर त्या वेळेला शरीराच्या घड्याळाप्रमाणे मूड तसाही तळाला असतो, आणि न झोपलेल्या मेंदूत भावनांचा भाग भडकलेला आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग थकलेला. २००७ सालच्या एका अभ्यासात धडधाकट तरुणांना सुमारे ३५ तास जागं ठेवून मेंदूचा स्कॅन केला, वाईट चित्रं दाखवल्यावर अमिग्डाला नावाचा भाग झोपलेल्या लोकांपेक्षा साधारण ६० टक्के जास्त उसळला आणि पुढच्या भागाशी त्याचं जोडलेपण ढिलं झालं. कासरा सुटलेल्या बैलासारखं. दिवसा जे कर्ज दोन हंगामांत फिटेल असं वाटतं तेच रात्री तीनला कधीच न फिटणारं वाटतं, आकडा तोच असतो. त्यात घर झोपलेलं, फोन करावा तर कोणाला, मध्येच हाक मारून "चहा घे रे" म्हणणारं कोणी नाही. दिवसा माणसाचे वाईट विचार दहा वेळा तुटतात, कोणी येतं, गुरं ओरडतात, मोटर बंद पडते, रात्री तोडणारं काहीच नसतं.

झोप किती तास एवढंच विचारून भागत नाही, वेळ रोज बदलते का तेही बघावं लागतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ५० तरुणांवर एक छोटा अभ्यास झाला, हातात घड्याळासारखं यंत्र बांधून झोप मोजली, तर ज्यांची झोपायची-उठायची वेळ जास्त हलत होती त्यांच्यात पुढच्या काही दिवसांत आणि आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढलेले दिसले. हे वाचलं की मला आपली शेतीपंपाची रात्रीची लाईट आठवते. काही दिवस दिवसा लाईट, काही दिवस रात्री, रात्री बारा-एकला वावरात जायचं, मोटर चालू करून तिथेच बसायचं, साप-विंचवाची भीती वेगळीच, पहाटे येऊन पडायचं, पुढच्या आठवड्यात परत उलटं. भुसावळला रेल्वेच्या ड्युट्या आहेत, एमआयडीसीत नाईट शिफ्ट आहे, पण त्यांना निदान लोक रातपाळीवाले म्हणून ओळखतात, शेतकऱ्याची रातपाळी कोणी रातपाळी म्हणून मोजतच नाही. मे महिन्यात वरून ऊन, ४४-४५ डिग्री, घर रात्री एकपर्यंत तापलेलं, मग गच्चीवर नाहीतर अंगणात खाट. हे सगळं करून लाखो लोक धडधाकट राहतात हे खरंय, पण ज्याचं मन आधीच खचलंय त्याची रात्रीची पाळी काही महिने दुसऱ्याने घ्यावी असं मी घरच्यांना सांगतोच सांगतो. आणि मळ्यात राखणीला एकटा झोपत असेल तर त्याला घरी आणा, केळीपेक्षा तो महत्त्वाचा आहे.

आता सरळ विचारण्याचं. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती सगळ्यांनाच असते, कधीकधी डॉक्टरांनाही असते, पण यावर अभ्यास झालेत आणि विचारल्याने धोका वाढतो असं त्यात दिसलेलं नाही, उलट बऱ्याच जणांना हलकं वाटतं. अडचण असते ती सुरुवात कुठून करायची याची. झोपेतून करा. माणूस "मला डिप्रेशन आहे" असं सांगत नाही, पण झोप लागत नाही हे सांगायला कोणाला लाज वाटत नाही. माझ्या ओपीडीत संवाद साधारण असा चालतो, हा कोणा एकाचा नाही, बऱ्याच जणांवरून जुळवलेला आहे. आप्पा आत येतात, बसतात, म्हणतात, "डाक्टरसाहेब, रातले डोयाले डोया लागत नही." मी विचारतो किती वाजता पडता, जाग कधी येते, जाग आल्यावर काय करता. "काय करनं, बठी राहतो." मग विचारतो बसल्यावर डोक्यात काय चालतं. थोडा वेळ काही नाही. मग कर्ज, पोरीचं लग्न, भावकीतला वाद असं काहीतरी येतं. मग मी विचारतो, हे सगळं चालू असताना कधी असं येतं का की जगून काय उपयोग? मान हलते. मरून जावं असं येतं का? आणि शेवटी, कसं-कधी असं काही ठरवलंय का, जवळ काही आणून ठेवलंय का? हा शेवटचा प्रश्न सोडायचा नाही, कारण नुसता विचार येणं आणि तयारी असणं यात फार फरक आहे, आणि तयारी असेल तर मी त्या माणसाला घरी एकटं पाठवत नाही.

तुम्हीही हेच साध्या भाषेत विचारू शकता. रात्री तीनला तो ओट्यावर असताना शेजारी जाऊन बसा, "झोप येत नाही का रे, काय चाललंय डोक्यात" एवढं म्हणा आणि गप्प बसा, गप्प बसणं जमलं पाहिजे. "असं काही मनात आणू नको, देवाची शपथ घे, पोरांकडे बघ" हे नको, शपथ घेतली की माणूस पुढच्या वेळेला सांगत नाही. आणि कुणाला सांगणार नाही असं वचनही देऊ नका, सांगावं लागणारच आहे.

वाईट स्वप्नांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही पण विचारून घ्या. फिनलंडमध्ये ३६ हजारांवर लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता, २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला, ज्यांना वारंवार भयानक स्वप्नं पडायची त्यांच्यात आत्महत्येचं प्रमाण दुपटीच्या आसपास होतं. आपल्याकडे दचकून उठतो म्हटलं की बाहेरचं झालं म्हणतात, भगताकडे नेतात, अंगारा लावतात. मी भांडत नाही त्यावर, लावा अंगारा, पण मग इकडेही या. त्या स्वप्नांवर उपाय आहे, दिवसा जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलून तो नवा शेवट रोज दहा-पंधरा मिनिटं मनात घोळवायचा, ऐकायला पोरकट वाटतं पण बऱ्याच जणांना फरक पडतो.

दारूचं मात्र सोडून चालणार नाही. झोप लागावी म्हणून क्वार्टर घेतो असं सांगणारे खूप, आणि सुरुवातीला लागतेही झोप पटकन. पण तीन-चार तासांनी दारू उतरते, झोप तुटते, आणि माणूस नेमका दोन-तीनला घामाघूम होऊन जागा होतो, मन खचलेलं, वर दारूने संयम सैल झालेला. याहून वाईट जुळणी मला तरी माहीत नाही. रोजची सवय असेल तर एकदम बंदही करू नका, फिट येऊ शकते, डॉक्टरांना सांगून कमी करा.

गोळीचं. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या आपल्याकडे मेडिकलवाल्याच्या ओळखीने मिळतात हे उघड गुपित आहे, आणि मला त्याचा राग येतो. थोड्या दिवसांसाठी, नजरेखाली, या गोळ्या कामाच्या आहेत. महिनोन् महिने घेतल्या तर सवय लागते, डोस वाढतो, आणि एकदम सोडल्या तर झोप आधीपेक्षा जास्त उडते, काही जणांना बेचैनी चढते. म्हणजे तुमची भीती बरोबर आहे, पण सवयीच्या भीतीने झोपेवर उपचारच न करणं हे त्याहून चुकीचं. अमेरिकेत १०३ रुग्णांवर आठ आठवड्यांचा एक प्रयोग झाला, २०१९ मध्ये छापला, डिप्रेशनच्या गोळीसोबत काहींना झोपेची गोळी दिली आणि काहींना तशीच दिसणारी नकली. झोप सुधारली, आत्महत्येच्या विचारातही थोडासा जास्त फरक पडला, थोडासाच. त्यामुळे माझं मत असं की झोपेची गोळी ही मुख्य उपचाराला जोडून, मोजून, एका वेळी आठवड्यापुरतीच द्यावी, पाकीट त्याच्या उशाशी नको, तुमच्याकडे किंवा वहिनींकडे असू द्या आणि रोजची रोज हातात द्या. डिप्रेशनची गोळी चालू झाली तर तिचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या दिवसांत कोणाला विचित्र अस्वस्थता आली, पाय एका जागी राहत नाहीत, जास्तच भडकल्यासारखं झालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवायचं, पंचविशीच्या आतल्या पोरांमध्ये तर हे जास्त जपायचं.

आणखी एक, झोप कमी पण थकवाच नाही, उलट बडबड, मोठमोठे बेत, पैसे उधळणं असं पूर्वी कधी झालं असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा, तो बायपोलर, म्हणजे मन कधी खचणं तर कधी उसळणं असा आजार असू शकतो आणि औषध वेगळं लागतं. घोरणं, थायरॉईड, गुडघेदुखी, शुगरमुळे रात्री उठणं, हे तपासायचं असतंच.

गोळीशिवायचा उपचार असतो, त्याला सीबीटी-आय म्हणतात, अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने (अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स) २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार हाच करा असं सांगितलं. त्याचा गाभा सोपा आहे, उठायची वेळ एकच, झोप कशीही झाली तरी, दुपारी लोळायचं नाही, झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही, आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं. पण हा शेवटचा नियम तुमच्या भावासाठी जसाच्या तसा वापरू नका. ज्याच्या मनात असले विचार आहेत त्याला "उठून दुसऱ्या खोलीत बस" सांगणं म्हणजे रात्री तीनला परत एकटं पाठवणं. उठू द्या, पण घरात, दिवा लावून, आणि कोणालातरी उठवायचं हे आधीच ठरवून ठेवा. तुम्ही, वडील, एखादा मित्र, पाळी लावा. या उपचारात झोपेचे तास एकदम कापायचा जो भाग असतो तोही अशा वेळी आपल्या मनाने करू नका, तज्ज्ञाच्या देखरेखीतच.

घरातलं फवारणीचं औषध आजच बाहेर काढा. कुलपात, चावी दुसऱ्याकडे, जमलं तर काही महिने काकांकडे किंवा शेजाऱ्याकडेच. घरच्यांना वाटतं ज्याला करायचंय तो काहीही करेल, पण तसं नसतं, तीव्र ऊर्मी बऱ्याचदा थोडा वेळच टिकते आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेने सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला.

कुठे जायचं तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या मानसोपचार ओपीडीत जा, प्रायव्हेट परवडत असेल तर तेही चालेल. मध्यरात्री काहीच सुचेना झालं तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. हा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून टाका. पोलीस केसची भीती घालणारे लोक भेटतील, त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा नाही, उलट त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकलीय. आणि नुसते विचार येतात म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाची तर कसली केस.

येताना एक साधा कागद घेऊन या, गेल्या सात दिवसांत किती वाजता पडला, किती वाजता जाग आली, रात्री काय करत होता, दारू किती, चहा किती, लाईट रात्रीची होती की दिवसाची. आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणा, चिठ्ठी हरवली असेल तरी पाकिटावरून कळतं. आणि आत आल्यावर डॉक्टरांनी त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका, आपल्याकडे सोबत आलेले चार जण एकदम बोलतात आणि पेशंट टेबलाकडे बघत बसतो. तुमचं सगळं सांगून झालं की बाहेर बाकड्यावर बसा, त्याला आत एकट्याला वेळ मिळू द्या.